भट्टीच्या आधी ठरणारी ताकद



लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा त्याचा परिणाम त्याच क्षणी दिसतो. लालबुंद पोलाद पाण्यात गेले की कठीण होऊनच बाहेर येते. ॲल्युमिनियमचे बरेचसे बळकट मिश्रधातू याच्या उलट वागतात. तांबे, मॅग्नेशियम, सिलिकॉन किंवा जस्त मिसळलेले ॲल्युमिनियम ५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून पाण्यात बुडवले, तर हाती येणारा तुकडा मऊ असतो. कठीणपणा मागाहून येतो. काही मिश्रधातूंत तो नुसते ठेवून दिल्यानेच येतो, तर काहींना त्यासाठी १५० ते २०० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवावे लागते. या मागाहून येणाऱ्या कठीणपणाला ‘एज हार्डनिंग’ म्हणतात आणि कारखान्यात त्याचेच सुटसुटीत नाव ‘एजिंग’. ६०६१ हा सर्वत्र वापरला जाणारा मिश्रधातू पूर्ण मऊ अवस्थेत सुमारे ५५ मेगापास्कल ताणाला कायमचा वाकू लागतो. एजिंगनंतर हीच मर्यादा २७५ मेगापास्कलच्या घरात जाते. धातू तोच आणि वजनही तेच, पण ताकद पाचपट. एवढा फरक भट्टीतल्या काही तासांत पडताना दिसतो, म्हणून सगळे श्रेय आपण भट्टीला देतो. तिचे तापमान नोंदवतो, आलेख काढतो, प्रमाणपत्राला जोडतो. आज मला मांडायचे आहे ते असे की ताकदीचा मोठा भाग भट्टीचे दार उघडण्यापूर्वीच ठरलेला असतो. तुकडा किती तापवला, किती वेगाने थंड केला, थंड केल्यावर किती वेळ आणि कोणत्या तापमानाला पडून राहिला, मधे ताणला किंवा दाबला का, या गोष्टींना आपण ‘पूर्वतयारी’ म्हणून दुय्यम मानतो. धातूच्या दृष्टीने त्या मुख्य प्रक्रियेचाच भाग आहेत, आणि त्यांची नोंद न ठेवणे म्हणजे मुख्य प्रक्रियेचीच नोंद न ठेवणे आहे.

या गुणधर्माचा शोधच मुळी थांबण्याच्या काळातून लागला. जर्मनीत आल्फ्रेड विल्म हे संशोधक बर्लिनजवळ ॲल्युमिनियम बळकट करण्याचे प्रयोग करत होते. पोलादाप्रमाणे तापवून पाण्यात बुडवल्याने ते कठीण होईल अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती फोल ठरत होती. १९०६ मध्ये तांबे आणि थोडे मॅग्नेशियम असलेल्या एका मिश्रधातूचे माप त्यांनी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा घेतले, तेव्हा कठीणपणा वाढलेला निघाला. मधल्या काळात तुकड्यावर कोणीही काहीही केले नव्हते. १९०९ मध्ये विल्म यांनी पेटंट घेतले, आणि ड्यूरेन गावच्या कारखान्यात बनू लागलेला हा मिश्रधातू ‘ड्युरॅल्युमिन’ या नावाने झेपेलिन हवाईजहाजांच्या सांगाड्यांत गेला. पण तुकडा पडून असताना त्याच्या आत काय घडते, हे विल्म यांना सांगता आले नाही. तापमान उतरले की तांब्याची विद्राव्यता घटते, त्यामुळे झटकन थंड केलेल्या ॲल्युमिनियममध्ये मावते त्यापेक्षा जास्त तांबे अडकून राहते आणि ते हळूहळू सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडते, हे स्पष्टीकरण अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधील मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये दिले. ते कण प्रत्यक्ष दिसायला आणखी दोन दशके लागली. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने एक-दोन अणूंच्या जाडीचे तांब्याचे थर ओळखले. त्या थरांना आजही ‘जीपी झोन’ म्हणतात.

ताकद येते ती या कणांच्या अडथळ्यातून. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतले डिसलोकेशन नावाचे रेषेसारखे दोष सरकत असतात. वाटेत कण आले की त्या रेषांना ते कापून किंवा वळसा घालून पुढे जावे लागते आणि त्यासाठी जास्त जोर लागतो. कण फार थोडे आणि मोठे असतील तर रेषा त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून सहज निघून जातात. ते असंख्य, बारीक आणि दाट पसरलेले असतील तर धातू सर्वांत बळकट होतो. म्हणून एजिंगचा खरा प्रश्न ‘किती द्रव्य बाहेर पडले’ हा नाही. ‘ते किती कणांत वाटले गेले’ हा आहे. साखरेच्या पाकात एकच दोरा सोडून तो संथपणे थंड होऊ दिला तर खडीसाखरेचे मोजके मोठे खडे मिळतात, आणि तोच पाक घोटत राहिलो तर त्याच साखरेचा बारीक रवा होतो. साखरेचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच असते, फरक पडतो तो सुरुवातीला किती बीजे तयार झाली यावर. ॲल्युमिनियममध्येही बीजांची संख्या फार लवकर ठरते. भट्टी त्या बीजांना वाढवते. नवी बीजे ती पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तेवढी निर्माण करू शकत नाही.

बीजे लवकर का ठरतात, याचे उत्तर स्फटिकातल्या रिक्त जागांत आहे. स्फटिकाच्या जाळीत काही ठिकाणी अणूच नसतो, आणि शेजारचे अणू अशा रिकाम्या जागेत उडी मारूनच इकडून तिकडे जातात. ५५० अंशांना ॲल्युमिनियममध्ये दर दहा हजार अणूंमागे साधारण एक जागा रिकामी असते. सामान्य तापमानाला समतोल स्थितीत हे प्रमाण सुमारे एक कोटी पटींनी कमी असायला हवे. पण तुकडा पाण्यात झटकन थंड केला की जादा रिक्त जागांना नाहीशा व्हायला वेळच मिळत नाही, त्या धातूत कोंडल्या जातात. त्यांच्यामुळेच तांब्याचे किंवा मॅग्नेशियमचे अणू खोलीच्या तापमानाला चालू शकतात. या कोंडलेल्या जागा नसत्या तर जे एका तासात घडते त्याला हजारावर वर्षे लागली असती. विल्म यांचा तुकडा कठीण करणारी शक्ती हीच होती. ती भट्टीतून आली नव्हती, तापवण्यातून आणि झटक्यात थंड करण्यातून आली होती. हा साठा मर्यादित आहे आणि तो सतत खर्च होत असतो, कारण रिक्त जागा स्फटिककणांच्या सीमांवर आणि डिसलोकेशनवर जाऊन नष्ट होतात किंवा विद्राव्य अणूंच्या पुंजक्यांत अडकतात. पाण्यात बुडवल्याच्या क्षणापासून धातूच्या आत हा हिशेब सुरू होतो, आपण त्याकडे लक्ष देवो वा न देवो. थंड करण्याची गती कमी पडली तरी नुकसान होते. ७०७५ सारख्या मिश्रधातूत साधारण ४०० ते २९० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळणे सर्वांत महागात पडते, कारण तिथे जाड, निरुपयोगी कण तयार होऊन विरघळलेले द्रव्य फुकट जाते. फिंक आणि विली या अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या दशकात वक्र काढून हे दाखवले. एकदा असे झाले की भट्टीत कितीही काळजी घेतली तरी वाया गेलेले द्रव्य परत मिळत नाही.

धातू आपला पूर्वेतिहास किती काळ आत जपून ठेवतो याचा एक विलक्षण पुरावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या इंजिनाची, सुमारे ८ टक्के तांबे असलेल्या ॲल्युमिनियमची ओतीव क्रँककेस गेल आणि गुडवे या दोन संशोधकांनी तपासली. तिच्यात जीपी झोन सापडले आणि ते दोन वेगळ्या आकारांचे होते. १० ते २२ नॅनोमीटरचे मोठे झोन ओतकामाच्या वेळी मिळालेल्या उष्णतेतून झालेले, आणि ३ नॅनोमीटरचे बारीक झोन नंतरच्या ९० वर्षांत सामान्य तापमानाला हळूहळू बनलेले. विल्म यांच्या शोधाच्या आधीच हा धातू एजिंगने कठीण झाला होता आणि तो बनवणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. त्या तुकड्यावर कोणी प्रक्रियेची नोंद ठेवली नव्हती, तरी दोन वेगवेगळ्या काळांनी आपापली मापे त्याच्या आत वेगळी ठेवली होती. धातूला इतिहास असतो या म्हणण्याचा अर्थ इतका नेमका, नॅनोमीटरमध्ये मोजता येण्याजोगा आहे.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असलेले, ६००० मालिकेतले मिश्रधातू आज एजिंगने कठीण होणाऱ्या मिश्रधातूंत सर्वांत जास्त वापरात आहेत. खिडक्यांच्या चौकटींपासून मोटारींच्या बॉनेटपर्यंत आणि रेल्वेच्या डब्यांपर्यंत ते पोहोचले आहेत. यांच्यातला विरोधाभास १९३९ मध्येच नोंदवला गेला. पाण्यातून काढलेला तुकडा लगेच भट्टीत घातला तर पुरती ताकद मिळते. तोच तुकडा काही तास किंवा काही दिवस पडून राहिला आणि मग त्याच भट्टीत तेवढाच वेळ ठेवला, तर कठीणपणा उशिरा येतो आणि त्याचे शिखरही खाली राहते. पडून असताना तुकडा थोडासा कठीण झालेला असतो, म्हणजे एजिंगची सुरुवात झालेली असते. असे असूनही ही सुरुवात पुढच्या एजिंगच्या आड येते. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये पॅशली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे तपासले. त्यांना दिसले की थांबवलेल्या तुकड्यांत अंतिम कण संख्येने कमी आणि आकाराने मोठे असतात. त्यांचे स्पष्टीकरण असे होते की सामान्य तापमानाला बनलेले पुंजके इतके लहान असतात की १७० ते १८० अंशांना त्यातले बरेच टिकत नाहीत, परत विरघळतात. त्यांनी मधल्या काळात द्रव्य वापरून ठेवलेले असते, आणि पुढे जाऊन बीज होण्याइतके ते मोठे नसतात. अलीकडच्या काळात ऑस्ट्रियातील पोगाचर आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू पुढे आणली. त्यांच्या मते हे पुंजके रिक्त जागांना धरून ठेवतात. अणूंना चालायला वाहनच उरत नाही आणि म्हणून भट्टीतली वाढ मंदावते. त्यांनी भट्टीचे तापमान २५० अंशांपर्यंत नेले तेव्हा पडून राहण्याचा वाईट परिणाम जवळजवळ नाहीसा झाला, कारण तेवढ्या उष्णतेत पुंजके झटकन विरघळतात आणि रिक्त जागा मोकळ्या होतात. मात्र तापमान जितके वर, तितके कण जाड आणि कठीणपणाचे शिखर बुटके, ही किंमत तिथे मोजावी लागते. बिनशर्त मोकळीक कुठेच मिळत नाही.

पडून राहणे नेहमीच वाईट, असा निष्कर्ष यातून कोणी काढील तर तो चुकेल. जस्त आणि मॅग्नेशियम असलेल्या ७००० मालिकेत नेमके उलटे घडते. तिथे थंड केल्यावर थेट वरच्या तापमानाला नेले, तर जीपी झोन टिकतील अशी मर्यादा आपण ओलांडून जातो. मग कण विरळ आणि जाड बनतात, आणि स्फटिकसीमांच्या दोन्ही बाजूंना कणच नसलेले रुंद पट्टे राहतात. लोरिमर आणि निकल्सन यांनी १९६० च्या दशकात दाखवले की आधी कमी तापमानाला झोन बनू दिले आणि ते पुरेसे मोठे झाले, तर वरच्या तापमानाला तेच कठीणपणा देणाऱ्या कणांचे बीज होतात. म्हणून सायकलींच्या चौकटींत वापरल्या जाणाऱ्या ७००५ या मिश्रधातूच्या टी-५३ प्रक्रियेत पहिली पायरीच ७२ तास सामान्य तापमानाला ठेवण्याची आहे. त्यानंतर १०७ अंशांना ८ तास आणि १४९ अंशांना १६ तास. एका कुटुंबात जो विलंब दोष आहे, तो दुसऱ्या कुटुंबात लिखित प्रक्रियेची पहिली ओळ आहे.

तिसरे कुटुंब तांब्याचे. इथे निर्णायक पूर्वप्रक्रिया म्हणजे थंड अवस्थेत ताणणे. ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूतला मुख्य बळकटी देणारा कण दोष नसलेल्या स्फटिकात कष्टाने जन्मतो आणि डिसलोकेशनवर सहज जन्मतो. एजिंगपूर्वी तुकडा ताणला की डिसलोकेशनची संख्या वाढते, म्हणजे बीजांच्या जागा वाढतात. रॉकेटच्या इंधनटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेला २२१९ हा मिश्रधातू पाहा. न ताणता एजिंग केलेल्या टी-६२ अवस्थेत तो सुमारे २९० मेगापास्कलला वाकू लागतो. टी-८७ मध्ये, म्हणजे आधी साधारण ७ टक्के थंड ताण देऊन मग एजिंग केल्यावर, ही मर्यादा ३९५ च्या आसपास जाते. दोन्हींत एजिंगचे तापमान आणि वेळ आपापल्या अवस्थेला जुळवून घेतलेली आहे, त्यामुळे हा फरक कोणा एकाला नीट भट्टी न मिळाल्याचा नाही. चंद्रावर गेलेल्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या टाक्या २२१९ च्या होत्या, आणि आपल्या इस्रोच्या रॉकेटांमध्येही याच मिश्रधातूच्या टाक्या असतात. जून १९९८ मध्ये अमेरिकी अंतराळयानाची हलकी केलेली बाह्य टाकी पहिल्यांदा उडाली, ती लिथियमयुक्त २१९५ ची होती. त्यातल्या मुख्य कणाला तर डिसलोकेशनची गरज याहूनही अधिक आहे. पण हेच ताणणे ७००० मालिकेत केले तर ताकद घटू शकते, कारण तिथे डिसलोकेशन रिक्त जागा गिळतात आणि त्यांच्यावर जाड कण बसतात. त्या मालिकेच्या जाड प्लेटी ताणतात त्या आतले अवशिष्ट ताण काढण्यासाठी, आणि तेही दोन-तीन टक्क्यांच्या आतच.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. एकाच कृतीचे परिणाम तीन कुटुंबांत तीन दिशांना जात असतील, तर यात नियम कुठे आहे? ही अपवादांची यादीच म्हणायची का? माझे उत्तर असे आहे की नियम आहे आणि तो एका प्रश्नात मावतो. पूर्वप्रक्रियेत जी रचना तयार झाली, ती एजिंगच्या तापमानाला टिकते का, आणि टिकून ती बळकटी देणाऱ्या कणाचे बीज होऊ शकते का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर पूर्वप्रक्रिया मदत करते. उत्तर नाही असेल, आणि शिवाय त्या रचनेने द्रव्य किंवा रिक्त जागा अडवून ठेवल्या असतील, तर ती नुकसान करते. ७००५ मधले झोन टिकतात, म्हणून ७२ तास कामी येतात. ६०६१ मधले पुंजके टिकत नाहीत आणि वर रिक्त जागा धरून बसतात, म्हणून तेच ७२ तास नडतात. २२१९ मधली डिसलोकेशन १६० अंशांना जागेवर राहतात आणि कणांना आधार देतात, म्हणून ताणणे लाभते. ६००० मालिकेतही मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून साधारण १ टक्क्याच्या खाली असले तर पडून राहण्याने नुकसान होत नाही, कधी थोडा फायदाही होतो. म्हणजे मालिकेचे नाव सांगून काम भागत नाही, प्रश्न प्रत्येक मिश्रधातूला नव्याने विचारावा लागतो.

या प्रश्नाची खरी कसोटी अशी की त्यातून नवा उपाय निघतो का. निघाला आहे. सामान्य तापमानाचे पुंजके टिकत नाहीत, तर मग टिकणारे पुंजके आधीच बनवावेत, या विचारातून ‘प्री-एजिंग’ आले. पाण्यातून काढल्यावर लगेच तुकडा ७० ते १०० अंशांना काही काळ ठेवायचा. टोकियोतील सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अणू-अणू मोजणाऱ्या त्रिमितीय उपकरणाने दाखवले की सामान्य तापमानाला बनणारे पुंजके आणि १०० अंशांच्या आसपास बनणारे पुंजके दोन निराळ्या जातींचे असतात. दुसऱ्या जातीचे पुंजके पुढे बळकटी देणाऱ्या कणांत रूपांतरित होऊ शकतात. मोटारीच्या पत्र्याला याची फार गरज होती. पत्रा कारखान्यातून निघाल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी प्रेसमध्ये जातो. तेव्हा तो मऊ हवा, कारण त्याला खोल आकार द्यायचा असतो. मग रंग भाजण्याच्या भट्टीत, १७० ते १८५ अंशांना २० ते ३० मिनिटांत, तो कठीण व्हायला हवा. मधले महिने टाळता येत नाहीत आणि रंगाची भट्टी लांबवता येत नाही. पत्रा गरम असतानाच गुंडाळून संथपणे थंड होऊ दिला की हे प्री-एजिंग गुंडाळीतच होऊन जाते. दुसरा उपाय ऑस्ट्रियातल्याच लिओबेन येथील गटाने २०१४ मध्ये मांडला. शंभर पीपीएमच्या आसपास कथील मिसळले तर कथिलाचे अणू सामान्य तापमानाला रिक्त जागा धरून ठेवतात आणि भट्टीच्या तापमानाला सोडून देतात. पुंजके बनणे दोन आठवडे किंवा अधिक लांबते आणि भट्टीतला वेग शाबूत राहतो. हे सगळे उपाय भट्टीच्या आधीच्या काळावर काम करतात. विमान कारखान्यांनी हेच शहाणपण त्याहून आधी, निव्वळ गरजेपोटी, अमलात आणले होते. दुसऱ्या महायुद्धात पाण्यात थंड केलेले ड्युरॅल्युमिनचे रिव्हेट ठोकेपर्यंत मऊ राहावेत म्हणून बर्फपेटीत ठेवत. ‘२०२४’ या मिश्रधातूचा रिव्हेट बर्फपेटीतून बाहेर काढल्यावर साधारण १० ते २० मिनिटांत ठोकावा लागतो, पुढे तो कठीण होऊन तडकण्याचा धोका असतो. घड्याळ हे तिथे हातोड्याइतकेच महत्त्वाचे हत्यार होते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. ताकद शेवटी घटकांच्या प्रमाणावरच ठरते आणि थोडी कमतरता भट्टीत जास्त वेळ ठेवून भरून काढता येते, असे अनेक अनुभवी लोक म्हणतात. यात तथ्याचा अंश आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. घटकांचे प्रमाण ताकदीची कमाल मर्यादा घालून देते, यात शंका नाही. पण त्या मर्यादेपर्यंत आपण पोहोचतो की नाही, हे प्रमाण सांगत नाही. २२१९ मधला शंभर मेगापास्कलचा फरक एकाच प्रमाणाच्या धातूतला आहे. जास्त वेळ ठेवण्याबद्दल सांगायचे तर विलंबाचे दोन परिणाम असतात, एक वेग मंदावण्याचा आणि दुसरा बीजे घटण्याचा. पहिला परिणाम वेळ वाढवून भरून निघतो. दुसरा निघत नाही, कारण वाढीव वेळात असलेलेच कण जाड होतात, त्यांची संख्या वाढत नाही. जिथे वेळ वाढवणे शक्यच नसते, जसे रंगाच्या भट्टीत, तिथे पहिलाही परिणाम तसाच अंगावर येतो. कोणी असेही म्हणेल की २०० अंशांच्या वर थोडा वेळ तापवून पुंजके विरघळवून टाकावेत आणि इतिहास पुसून नव्याने सुरू करावे. पुंजके विरघळतात हे खरे आहे. पण थंड करताना कोंडलेल्या रिक्त जागांचा जो साठा मधल्या काळात संपला, तो अशा तापवण्याने परत येत नाही, त्यासाठी पुन्हा ५०० अंशांच्या वर जाऊन पाण्यात बुडवावे लागते. शिवाय हे पुसणे हीसुद्धा एक पूर्वप्रक्रियाच झाली, आणि तिचाही वेळ मोजावाच लागणार.

तिसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. पुंजके विरघळतात म्हणून नुकसान होते की ते रिक्त जागा अडवतात म्हणून, यावर अजून पूर्ण एकमत नाही. मग अशा अर्धवट समजुतीवर कारखान्याचे नियम कसे बांधायचे? मला वाटते इथे निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांची सरमिसळ होते. ६००० मालिकेत विलंबाने नुकसान होते हे निरीक्षण १९३९ पासून वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या उपकरणांनी पुन्हा पुन्हा पक्के झाले आहे. वाद आहे तो दोन कारणांच्या वाट्याबद्दल. आणि दोन्ही कारणे व्यवहाराला एकच सल्ला देतात: थंड केल्यावर लगेच भट्टीत घाला, ते शक्य नसेल तर लगेच प्री-एजिंग करा, आणि काहीच शक्य नसेल तर निदान वेळ लिहून ठेवा. विल्म यांनी कारण माहीत नसताना ड्युरॅल्युमिन जगाला दिले. मेरिका यांनी कण न पाहता त्यांचे अस्तित्व सांगितले. अपुऱ्या स्पष्टीकरणातूनही नेमके काम होऊ शकते, फक्त निरीक्षण प्रामाणिक हवे आणि त्याची नोंद हवी.

नोंदीचा मुद्दा आपल्याकडे विशेष लागू पडतो, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो. ‘टी-६’ या अवस्थेच्या नावाचा अर्थ एवढाच की धातू त्यातले घटक विरघळतील अशा तापमानाला नेऊन झटकन थंड केला आणि मग भट्टीत त्याचे एजिंग केले. या दोन पायऱ्यांमध्ये किती वेळ गेला हे त्या नावात नाही. ज्या लहान उद्योगात प्रेसमधून निघालेले प्रोफाइल एका गाळ्यात असते आणि एजिंगची भट्टी दुसऱ्या गावात जॉबवर चालते, तिथे हा अनामिक वेळ कधी चार तास असेल, कधी रविवार धरून तीन दिवस. ओतीव चाकांच्या मिश्रधातूतही मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच असतात, त्यामुळे हा प्रश्न तिथेही उभा राहतो. त्यात तापमानाची भर पडते. युरोपातल्या प्रयोगशाळांतली ‘सामान्य तापमानाची’ मापे बहुधा २० अंशांच्या आसपासची असतात. मे महिन्यात नागपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंश असतात, आणि अणूंची हालचाल तापमानाबरोबर झपाट्याने वाढत असल्यामुळे तिथला एक दिवस त्या प्रयोगशाळेतल्या कित्येक दिवसांइतका असतो. परदेशी पुस्तकातली ‘एक दिवस चालेल’ ही सूट आपल्या उन्हाळ्यात जशीच्या तशी उचलता येत नाही. याच नागपुरात १९८९ पासून ॲल्युमिनियम संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, नाशिकजवळ ओझरला विमाने बनतात, पुणे आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारींचे भाग बनतात. आपल्या हवामानात, आपल्या प्रमुख मिश्रधातूंसाठी विलंब आणि तापमान यांचे तक्ते इथेच तयार व्हावेत आणि ते मराठीत छापून प्रत्येक एजिंग भट्टीशेजारी लागावेत, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

खर्चाचा आक्षेप यावर सहज घेतला जाईल. लहान कारखानदाराला आणखी एक कागद, आणखी एक बंधन कशाला? पण हिशेब करून पाहा. बॅचच्या कार्डावर पाण्यात बुडवल्याची वेळ आणि भट्टीत घातल्याची वेळ असे दोन आकडे लिहायला खर्च काहीच येत नाही. ज्या भट्टीत १७५ अंशांना एजिंग होते, तीच भट्टी रिकामी असताना ८० ते १०० अंशांना प्री-एजिंग करू शकते. याउलट, कारण न कळता कठीणपणात नापास झालेली बॅच भंगारात जाते तेव्हा धातूबरोबर तो दोनदा तापवण्याचे इंधन, मजुरी आणि ग्राहकाचा विश्वासही जातो. यात एक मोठा लाभही आहे. भंगारातून ॲल्युमिनियम परत मिळवायला खनिजापासून मिळवण्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जा पुरते. पण भंगारात जितके घटक जास्त मिसळलेले, तितका त्याचा पुनर्वापर अवघड. साध्या, कमी घटकांच्या मिश्रधातूतून पूर्वप्रक्रियेच्या बळावर पुरेशी ताकद काढता आली, तर महाग आणि गुंतागुंतीचे घटक ओतण्याची गरज तेवढी कमी होते. आपण वेळ नीट वापरला तर द्रव्य वाचते.

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. आपल्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत एजिंग शिकवताना भट्टीतल्या वेळेचा आणि कठीणपणाचा एकच वक्र फळ्यावर काढला जातो आणि त्याची सुरुवात शून्य वेळेपासून दाखवली जाते. त्या शून्याच्या डावीकडे काय घडले, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी दाखवायला हवे. एकाच तुकड्याचे तीन भाग करून एक लगेच, एक दिवसाने आणि एक आठवड्याने भट्टीत घालायचा आणि कठीणपणा मोजायचा. या प्रयोगाला भट्टी आणि कठीणपणा मोजणारे साधे यंत्र यांखेरीज काही लागत नाही, आणि तो एकदा केलेला विद्यार्थी बॅचच्या कार्डावरची वेळ पुन्हा कधी रिकामी सोडणार नाही. दुसरी मागणी प्रमाणपत्रांबद्दल आहे. घटकांचे प्रमाण आणि अंतिम ताकद यांच्याबरोबर थंड करण्याची पद्धत, मधला विलंब आणि त्या काळातले तापमान हे तीन रकाने त्यात असावेत. खरेदी करणाऱ्याने ते मागावेत, आणि विकणाऱ्याने अभिमानाने भरावेत. ॲल्युमिनियमची ताकद ही धातूच्या संपूर्ण प्रवासाची बेरीज आहे. त्या प्रवासाचा जो भाग आपण मोजत नाही, तोच भाग आपल्याला पुन्हा पुन्हा अडचणीत आणतो, आणि तो मोजायला घड्याळ, तापमापक आणि लिहिण्याची सवय एवढेच पुरेसे आहे.